अरबी समुद्र बदलतोय हे देवमासे आणि समुद्रपक्षी बघून कसं समजून घ्यायचं: कोकण-गोव्याच्या किनाऱ्यासाठी सविस्तर मार्गदर्शक

समुद्रात प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) किती आहे, तारली कुठे सरकली, खाली ऑक्सिजन कमी झालाय का, हे सगळं मोजायचं तर जहाज लागतं, लॅब लागते आणि भरपूर पैसा लागतो. देवमासा आणि समुद्रपक्षी मात्र हेच काम रोज करत असतात कारण त्यांना पोट भरायचंय. जिथे खाणं तिथे ते. आणि श्वास घ्यायला म्हणा, उडायला म्हणा, दोघंही पाण्याच्या वर असतात म्हणून आपल्याला दुर्बिणीतून दिसतात. एवढ्या एका गोष्टीमुळे साध्या माणसालाही समुद्राचा अभ्यास करता येतो, फक्त पद्धत पाळावी लागते. ती पद्धत नीट, हातात घेऊन वापरता येईल अशी लिहायचा हा प्रयत्न आहे.

दोघांना एकत्र का बघायचं ते आधी सांगतो. टर्नसारखा पक्षी पाण्याच्या वरच्या हातभर थरातला मासा उचलतो, मासा सरकला की पक्षीपण लगेच दुसरीकडे जातो, म्हणजे त्याच्यावरून आठवड्याभरातला बदल कळतो. देवमासा खोल जातो, कित्येक दशकं जगतो, त्याच्या हालचालीत वर्षानुवर्षांचा बदल दिसतो. २०१४ ते २०१६ मध्ये उत्तर पॅसिफिकमध्ये पाणी असामान्य गरम झालं होतं, शास्त्रज्ञ त्याला ब्लॉब म्हणायचे. तेव्हा अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या किनाऱ्यांवर कॉमन मर नावाच्या पक्ष्याचे ६२,००० च्या आसपास मृतदेह मिळाले, आणि वसाहतींच्या पुढच्या मोजणीवरून २०२४ मध्ये कळलं की अलास्कात सुमारे ४० लाख मर मेले असावेत, म्हणजे निम्मे. त्याच काळात खाली कॅलिफोर्नियात थंड, सुपीक पाण्याचा पट्टा किनाऱ्यालगत आकसला, हम्पबॅक देवमासे खाण्यामागे तिथे आले, खेकड्यांचा हंगाम उशिरा सुरू झाला आणि देवमासे खेकड्यांच्या सापळ्यांच्या दोरांत अडकायला लागले. हे सगळं कळलं कारण तिथे लोक वर्षानुवर्षं तेच किनारे चालत होते, त्याच रेषांवरून बोटी नेत होते.

आपल्याकडे समुद्र बदलतोय यात शंका नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेच्या रॉक्सी कोल यांच्या टीमने २०१६ मध्ये दाखवलं की पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पती प्लँक्टन २० टक्क्यांपर्यंत घटलंय. २०१९ या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात जिथे डायटम (एक प्रकारचं वनस्पती प्लँक्टन) असायचे तिथे आता नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाचे हिरवे थर पसरतात, आणि त्याला खाणारे जीव फार थोडे, मुख्यतः जेलीफिश आणि सॅल्प (जेलीसारखा पारदर्शक जीव). केरळात तारलीची आवक २०१२ च्या विक्रमानंतर घसरत गेली. मग या सगळ्यात आपले देवमासे आणि पक्षी काय करतायत? याची एका ठिकाणची, सलग, तासांच्या हिशोबासकट ठेवलेली नोंद आपल्याकडे फारच थोडी आहे. ती आपण बनवू शकतो.

पायरी १: प्रश्न छोटा ठेवा आणि जागा एकच निवडा

"समुद्र बदलतोय का" हा प्रश्न घेऊन बसलात तर महिन्याभरात वही बंद होईल. प्रश्न असा हवा: रत्नदुर्गावरून सकाळच्या दोन तासांत तासाला किती टर्न जातात, कोणत्या आठवड्यात वाढतात, आणि त्याच आठवड्यात मिरकरवाड्याला बांगडा जास्त उतरतो का. बस एवढं.

जागा उंच हवी, समुद्रात घुसलेली हवी, आणि वर्षभर पोचता येईल अशी हवी. रत्नदुर्ग, विजयदुर्ग, देवगडचा किल्ला, गोव्यात काबो दे रामा, सगळी उत्तम ठिकाणं. उंचीचा फायदा हिशोबात बघा: डोळ्यांची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा, क्षितिज तेवढे किलोमीटर लांब असतं. २५ मीटरवर बसलात तर जवळपास १८ किलोमीटर, वाळूत उभे राहिलात तर पाच किलोमीटरही नाही.

एकदा जागा ठरली की बसायचा दगडही ठरवा. खरंच सांगतो, दहा मीटर वरखाली झालात की पुढचे सगळे अंतराचे आकडे बदलतात.

पायरी २: समुद्राचं कॅलेंडर समजून घ्या

जून ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारे. सोमालिया, ओमान आणि आपल्याकडे केरळपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यालगत खालचं थंड, खतासारखं पाणी वर येतं आणि खाद्यसाखळी सुरू होते. याच काळात लांबून पाहुणे येतात. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल अंटार्क्टिकाकडे पिल्लं काढून आपल्या समुद्रात येतो, फ्लेश-फुटेड शिअरवॉटर ऑस्ट्रेलियाकडून येतो. जोराचा वारा सुटला की मास्क्ड बूबी, नॉडी, सूटी टर्न हे खोल समुद्रातले पक्षी थकून किनाऱ्यावर येऊन पडतात. म्हणजे पावसाळ्यात होडी बंद, पण किल्ल्यावरून बघणं आणि किनारा चालणं हे दोन्ही जोरात.

ऑक्टोबरनंतर समुद्र शांत व्हायला लागतो, उत्तरेकडून कुरव येतात, आर्क्टिककडून पोमरिन स्कुआ आणि रेड-नेक्ड फॅलरोप येतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा देवमासे बघायचा काळ, कारण पाणी सपाट असतं. इथे एक सावधानता लागते: देवमासे याच काळात असतात म्हणून दिसतात की याच काळात दिसू शकतात म्हणून दिसतात, हे वेगळं करता आलं पाहिजे. अरबी समुद्रातला हम्पबॅक तर जगातला एकमेव असा हम्पबॅक आहे जो ध्रुवाकडे जातच नाही, बारा महिने इथेच राहतो. ओमानकडे त्यांची संख्या शंभराच्या आत धरतात. १९६६ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत जहाजांनी या समुद्रात बेकायदा २०० च्या वर हम्पबॅक मारले होते, त्यातून ते अजून सावरलेले नाहीत. २०१७ मध्ये ओमानला सॅटेलाइट टॅग लावलेली लुबान नावाची मादी सरळ समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली आणि तिथून दक्षिणेला गेली. म्हणजे आपल्यासमोरून ते जातात. कुणीतरी तिथे बघत बसलेलं हवं.

पायरी ३: सामान

८×४२ ची दुर्बीण पुरते, होडीवर १० पट वाली हलते. ३०० ते ४०० एमएमची लेन्स असलेला कॅमेरा असला तर छान, शटर १/१००० च्या वरच ठेवा. सुरू करण्याआधी कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलच्या वेळेशी जुळवा, नाहीतर नंतर फोटो आणि जीपीएस ट्रॅक जुळत नाहीत आणि सगळं वाया जातं. वही, पेन्सिल (पेनची शाई खाऱ्या हवेत पसरते), टोपी, पाणी, आणि एक साधी ३० सेंटिमीटरची पारदर्शक पट्टी. पट्टी कशाला ते पुढे.

पायरी ४: किनाऱ्यावरून बघण्याची पद्धत

पश्चिम किनाऱ्याला सकाळ सोन्यासारखी असते. सूर्य पाठीमागे, रात्रीचा मतलई वारा ओसरत आलेला, पाणी गुळगुळीत. दहा-अकराच्या सुमारास खारे वारे सुटतात, लाटांवर पांढरे तुरे दिसायला लागतात, आणि दुपारनंतर सूर्य समोर येऊन पाणी नुसतं चकाकतं, मग काही दिसत नाही. म्हणून उजाडल्यापासून दोन तास हा वेळ धरा आणि तोच कायम ठेवा.

बसल्यावर पहिल्यांदा परिस्थिती लिहा, पक्षी नंतर. तारीख, सुरुवातीची वेळ, कोण बघतंय, ब्यूफर्ट आकडा (लाटांवरून वाऱ्याचा जोर सांगणारा), चकाकी किती अंशात आहे, धुकट आहे का, भरती की ओहोटी, समोर किती होड्या. ब्यूफर्टचं सोपं असं: आरसा असेल तर ०, बारीक सुरकुत्या १, छोट्या लाटा पण तुरे नाहीत तर २, तुरळक तुरे ३, सगळीकडे तुरे ४. डॉल्फिनसाठी ३ च्या वर गेलं की मोजणी थांबवा, आणि फिनलेस पॉर्पॉइजला तर पाठीवर पंखच नसतो, तो २ च्या वर दिसतच नाही. पक्षी ४-५ पर्यंत मोजता येतात.

मग पद्धतशीर फिरवा: दुर्बीण डावीकडून उजवीकडे, क्षितिज चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागात ठेवून, सावकाश. एक फेरी झाली की दुर्बीण खाली आणि नुसत्या डोळ्यांनी एक मिनिट, कारण देवमाशाचा फवारा बऱ्याचदा नजरेच्या कडेलाच दिसतो. दर पंधरा मिनिटांचा एक तुकडा धरून लिहा: जाती, संख्या, उत्तरेला चाललेत की दक्षिणेला, बसलेत की उडतायत की खातायत. "खातायत" हा रकाना फार महत्त्वाचा आहे, समुद्र त्या जागी पिकलाय का हे तोच सांगतो.

आता पट्टी. हात पूर्ण सरळ करा, डोळ्यापासून पट्टीपर्यंतचं अंतर एकदा मोजून घ्या, बहुतेकांचं ६० सेंटिमीटरच्या आसपास येतं. पट्टीचा शून्य क्षितिजावर ठेवा आणि प्राणी क्षितिजाच्या किती मिलिमीटर खाली दिसतो ते वाचा. डोळे समुद्रापासून २५ मीटरवर असतील तर १३ मिलिमीटर म्हणजे साधारण १ किलोमीटर, ६ मिलिमीटर म्हणजे २ किलोमीटर, आणि २ मिलिमीटरच्या जरा वर म्हणजे ४ किलोमीटर. यावरून दोन गोष्टी कळतात, एक म्हणजे अंदाजाने "असेल पाचशे मीटर" म्हणणं किती चुकू शकतं, आणि दुसरं म्हणजे तीन किलोमीटरच्या पलीकडे पट्टीवरचं अर्धा मिलिमीटरही शेकडो मीटर खातं, तिथे नुसतं "लांब" लिहा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन तास बसलात आणि काहीच दिसलं नाही, तरी पूर्ण नोंद करायची. तारीख, वेळ, परिस्थिती, शून्य. मी हे परत परत सांगतो कारण याच्याशिवाय बाकी सगळं निरर्थक आहे. "मार्चमध्ये तीन देवमासे दिसले, एप्रिलमध्ये एक" याचा काही अर्थ लागत नाही जोवर मार्चमध्ये किती तास बघितलं आणि एप्रिलमध्ये किती तास हे माहीत नाही. तास माहीत असले की तासाला किती हा आकडा निघतो आणि तो पुढच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघता येतो. शून्याच्या नोंदी लोक लिहीत नाहीत, कंटाळा येतो, आणि तिथेच डेटा मरतो.

पायरी ५: होडीतून

ओळखीचा तांडेल (होडीचा प्रमुख) असेल तर मासेमारीला जाणाऱ्या होडीवर किंवा ट्रॉलरवर बसता येतं. आधी बंदरावर नीट बोला, "मामा, तुमच्या कामात मध्ये येणार नाही, एका कोपऱ्यात बसून पक्षी मोजीन" म्हटलं की बहुतेक जण हो म्हणतात. लाइफ जॅकेट अंगावरच ठेवायचं, डिझेलचा वाटा द्यायचा, आणि १ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात जायचा विचारही करायचा नाही. मुद्दाम देवमाशांच्या मागे होडी नेणं, नमुने घेणं, ड्रोन उडवणं हे सगळं परवानगीशिवाय करायचं नाही, सगळे देवमासे आणि डॉल्फिन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. होडी आपल्या वाटेने जातेय आणि तुम्ही बघताय, एवढंच.

जगभर वापरली जाणारी पद्धत म्हणजे ३०० मीटरचा पट्टा. होडीच्या नाळेपासून (पुढच्या टोकापासून) एका बाजूला ९० अंश, जिकडे चकाकी कमी ती बाजू. त्या बाजूला ३०० मीटरच्या आत पाण्यावर बसलेला प्रत्येक पक्षी मोजायचा. पट्ट्याची कड ओळखायला तीच पट्टी: डोळे पाण्यापासून ३ मीटरवर असतील तर क्षितिजाच्या खाली साधारण ५ मिलिमीटर, ४ मीटरवर असतील तर ७ मिलिमीटर. पट्टीवर स्केचपेनने खूण करून ठेवा.

उडणाऱ्या पक्ष्यांचं वेगळं आहे. ते होडीपेक्षा जोरात जातात, म्हणून सलग मोजत बसलात तर आकडा फुगतो. त्यासाठी फोटो काढल्यासारखी क्षणाची मोजणी करायची: होडी दर ३०० मीटर पुढे गेली की त्या एका क्षणी चौकटीत किती उडतायत तेवढेच धरायचे. १० नॉटला हे मिनिटाला एकदा होतं, ५ नॉटला दोन मिनिटांनी एकदा. मोबाइलवर टायमर लावा.

जाळी ओढताना मोजणी बंद. तेव्हा टाकून दिलेल्या माशांवर कुरव आणि टर्न तुटून पडतात, ते समुद्राची नाही तर ट्रॉलरची नोंद झाली असती. होडीच्या मागे मागे येणारे पक्षीसुद्धा वेगळ्या रकान्यात लिहा.

हिशोब सोपा आहे. १० किलोमीटर गेलात, पट्टा ०.३ किलोमीटर, म्हणजे ३ चौरस किलोमीटर बघितलं. त्यात बसलेले १२ पक्षी असतील तर चौरस किलोमीटरला ४.

देवमासा किंवा डॉल्फिन दिसला तर पट्टा विसरा, कितीही लांब असू दे, दोन आकडे घ्या: नाळेपासून किती अंशात आणि किती अंतरावर. एक किलोमीटरवर ३० अंशात दिसला तर होडीच्या रेषेपासून काटकोनात तो ५०० मीटरवर आहे. असं का करायचं तर जवळचे सगळे दिसतात, लांबचे सुटतात, आणि किती सुटतात हे याच काटकोनी अंतरांवरून काढता येतं. त्यासाठी एका जातीच्या ६०-८० नोंदी तरी लागतात, तेव्हा एकट्याने एका वर्षात संख्या काढायच्या फंदात पडू नका, १०० किलोमीटरला किती वेळा दिसला एवढं पुरे. प्राण्यापासून शंभर मीटर तरी लांब राहायचं, समोरून आडवं जायचं नाही, पिल्लू असेल तर आणखी लांब.

खोली तांडेलालाच विचारा. ते वावात सांगतील, एक वाव म्हणजे साधारण सहा फूट. "वीस वावात होतो" म्हणजे ३६-३७ मीटर. ही माहिती नकाशापेक्षा जास्त उपयोगी पडते कारण सोबत ते तळ चिखलाचा की खडकाचा, जाळीत काय आलं, हेही सांगतात.

पायरी ६: काय दिसलं ते ओळखणं

किनाऱ्याजवळ सगळ्यात जास्त दिसतो तो हिंदी महासागरी हम्पबॅक डॉल्फिन, पाठीवर लांबट उंचवटा आणि त्यावर छोटा पंख. मोठ्या देवमाशांत जास्त शक्यता ब्रायडीज व्हेलची. तो वर येतो तेव्हा क्रम असा: आधी तीन-चार मीटरचा फवारा आणि डोकं, मग लांब काळसर पाठ सरकत राहते, आणि बऱ्याच मागे कोयत्यासारखा वाकलेला पंख. मग पाठ कमानीसारखी होऊन तो बुडतो, शेपूट दाखवत नाही. जवळून फोटो मिळाला तर डोक्यावर तीन उभ्या कडा दिसतात, तीच पक्की खूण. बुडाला की घड्याळ बघा, पाच ते पंधरा मिनिटं थांबा, आणि जिथे बुडाला तिथेच बघू नका, तो दिशा बदलून भलतीकडेच निघतो.

निळा देवमासा असेल तर फवारा उंच, सरळ, नऊ मीटरपर्यंत, अंगावर राखाडी-निळे डाग आणि पंख अगदी पिटुकला, पार शेपटीजवळ. २०१५ मध्ये सिंधुदुर्गच्या समुद्रात निळे देवमासे दिसले होते आणि त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला ४२ फुटी निळा देवमासा किनाऱ्याला लागला, म्हणजे आपल्याकडे अशक्य काही नाही. हम्पबॅक शेपूट वर काढतो, तिचा खालून फोटो मिळाला तर तो अंगठ्याच्या ठशासारखा असतो, हॅपीव्हेल या वेबसाइटवर टाका, तो प्राणी आधी कुठे दिसला होता ते जुळवता येतं. फवारा तिरका, पुढे आणि डावीकडे झुकलेला असेल तर स्पर्म व्हेल.

कळलं नाही तर "मोठा देवमासा, जात नक्की नाही" असं लिहा. अंदाजाने जात लिहिलेली नोंद कोऱ्या नोंदीपेक्षा जास्त नुकसान करते.

पक्ष्यांत दोन जोड्या सतत गोंधळात टाकतात. सूटी टर्न वरून काळा कुळकुळीत, कपाळाचा पांढरा भाग डोळ्याशी थांबतो. ब्रायडल्ड टर्न करडा-तपकिरी, पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते. ब्रायडल्ड टर्न वेंगुर्ला रॉक्सवर घरटी करतो, हुमायून अब्दुलाली यांनी तिथल्या टर्न आणि पाकोळ्यांवर १९४० च्या आसपास लिहून ठेवलंय, तेव्हा या बेटांची जुनी नोंद आपल्या हातात आहे ही केवढी मोठी गोष्ट आहे. घरट्यांच्या काळात बेटावर मात्र उतरू नका. दुसरी जोडी शिअरवॉटरची: फ्लेश-फुटेडची चोच गुलाबी आणि टोक काळं, वेज-टेल्डची चोच बारीक, काळपट आणि शेपूट लांब. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल छोटासा, काळा, कमरेवर पांढरा पट्टा, पाण्यावर पाय आपटत चालल्यासारखा उडतो.

पायरी ७: किनारा चालणं

दर पंधरा दिवसांनी तोच एक-दोन किलोमीटरचा किनारा ओहोटीला चालायचा, जाताना भरतीच्या वरच्या रेषेवरून, येताना खालच्या. पावसाळ्यात दर आठवड्याला जमलं तर उत्तम.

मेलेला पक्षी दिसला तर ग्लोव्हज आणि मास्क घालूनच हात लावा, बर्ड फ्लूचा धोका खरा आहे, आणि एकाच वेळी बरेच मेलेले दिसले तर हात न लावता वनखात्याला आणि पशुवैद्यकाला कळवा. एकटा असेल तर शेजारी पट्टी ठेवून फोटो: वरून, खालून, चोच, पाय, पसरलेला पंख. मग छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूला मांस भरलेलं असेल तर पक्षी धडधाकट होता, अचानक मेला, जाळं किंवा आपटणं. हाड सुरीच्या पातीसारखं टोकदार लागलं, बाजूला खोबणी पडलेली असेल तर तो उपाशी मेलाय. वादळाने आणलेले पक्षी बहुतेक असेच असतात, पण वादळ नसताना आठवड्यात असे अनेक मिळाले तर समुद्रात खाणं संपलंय का हा प्रश्न विचारायची वेळ झाली. पिसांवर डांबर आहे का बघा, मे ते सप्टेंबर आपल्या किनाऱ्यावर डांबरगोळे येतातच. बघून झालं की पायाला सुती दोरा बांधा म्हणजे पुढच्या वेळी तोच परत मोजला जाणार नाही. पिसं, कवटी काही घरी न्यायचं नाही.

जिवंत थकलेला पक्षी मिळाला तर त्याला परत पाण्यात फेकू नका, लोक प्रेमाने तेच करतात आणि तो मरतो. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, आत जुनं फडकं, अंधार, शांतता. तोंडात पाणी किंवा मासा कोंबू नका. महाराष्ट्रात वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे, गोव्यात किनाऱ्यावरचे जीवरक्षक आणि वनखातं.

देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला तर गर्दी लांब ठेवणं हेच तुमचं पहिलं काम. श्वासाचं छिद्र मोकळं ठेवा, अंगावर ओली चादर टाका पण छिद्रावर नाही, शेपटीला दोर बांधून ओढू नका. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू लागलं होतं, दोन दिवस लोकांनी आणि यंत्रणांनी जिवाचं रान केलं तरी ते वाचलं नाही. असे प्राणी बहुतेकदा आधीच आजारी किंवा आईपासून तुटलेले असतात, म्हणून पशुवैद्यकाला लवकर बोलावणं महत्त्वाचं.

मेलेला असेल तर लांबी वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजा, अंगावरून टेप वळवून नाही, त्याने लांबी जास्त येते. फोटो हवेत ते डोकं, दोन्ही बाजू, पंख, तोंडातल्या झालरी किंवा दात, पोटाची बाजू, आणि दोराचे किंवा जहाजाच्या पात्याचे घाव. अवस्था जगभर पाच आकड्यांत लिहितात: १ जिवंत, २ ताजा, ३ कुजायला लागलेला, ४ फार कुजलेला, ५ नुसती हाडं-कातडं. फुगलेल्या देवमाशावर चढू नका, आत वायू भरलेला असतो, तो फुटतो. आणि देवमाशाची उलटी म्हणतात त्या अंबरग्रीसच्या मागे लागू नका, त्याचा व्यापार गुन्हा आहे, सापडलं तर वनखात्याला द्या.

यातून अर्थ काढताना एक सांभाळा. किनाऱ्याला लागलेल्या देवमाशांच्या बातम्या दहा वर्षांत वाढल्या म्हणून देवमासे जास्त मरतायत असं होत नाही, मोबाइल वाढले, पत्रकार वाढले, वाऱ्याची दिशा त्या वर्षी किनाऱ्याकडे होती, असंही असू शकतं. म्हणूनच ठरलेला किनारा, ठरलेल्या दिवशी.

पायरी ८: पाणी आणि मासा

बादलीत पाणी काढून थर्मामीटरने तापमान घ्या, लगेच, सावलीत. होडीवर असाल तर पांढरी थाळी दोरीला बांधून सोडा आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहा, हेच सेची डिस्कचं तत्त्व. पाण्याचा रंग, जेलीफिश, रात्री लाटा चमकतायत का, हे रकाने ठेवा. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रमाहिती देणाऱ्या सरकारी संस्थेच्या वेबसाइटवर समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि क्लोरोफिलचे नकाशे, मच्छीमारांना दिली जाणारी संभाव्य मासेमारी क्षेत्रं, सगळं फुकट असतं. ज्या दिवशी बसलात त्या दिवसाचा नकाशा सेव्ह करून ठेवा.

आणि आठवड्यातून एकदा लिलावाला जा. तीनच गोष्टी विचारा: आज जास्त काय आलं, किती वावातून, कोणत्या जाळ्यात, रापण की पर्ससीन की ट्रॉल. जमलं तर तारली आणि बांगड्याचे वीसेक नग पट्टीवर ठेवून लांबी घ्या. ब्रायडीज व्हेल आणि टर्न दोघंही छोट्या थव्याने फिरणाऱ्या माशांवर जगतात, त्यामुळे मासा आणि पक्षी एकाच वहीत आले की खरी गोष्ट दिसायला लागते. २०११ मध्ये जगभरातल्या सात परिसंस्थांचा डेटा एकत्र करून काढलं होतं की समुद्रातला असा छोटा मासा त्याच्या कमाल साठ्याच्या एक तृतीयांशाच्या खाली गेला की समुद्रपक्ष्यांची पिल्लं घटायला लागतात. म्हणजे पाण्याखालचा मासा किती उरलाय हे पक्ष्यांवरून कळू शकतं.

पायरी ९: नोंदी कुठे टाकायच्या आणि कशा वाचायच्या

पक्षी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर, किनाऱ्यापासून लांब होडीतून असेल तर पेलॅजिक (खुल्या समुद्राचा) प्रोटोकॉल निवडा, त्यात एक यादी ६० मिनिटांपेक्षा मोठी नसावी लागते. देवमासे-डॉल्फिन, जिवंत असोत की मेलेले, मरीन मॅमल कन्झर्वेशन नेटवर्क ऑफ इंडियाच्या वेबसाइटवर. महाराष्ट्रात वनखात्याच्या कांदळवन कक्षालाही कळवा, आणि तुमच्या तांडेलाला हे सांगा की जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर राज्य सरकार नुकसानभरपाई देतं, २५ हजारांपर्यंत. पण मूळ वही आणि एक्सेलची फाइल तुमच्याकडेच हवी, दोन ठिकाणी कॉपी करून, कारण शून्याचे तास आणि "खातायत" सारखे रकाने या वेबसाइटवर नीट बसत नाहीत.

एक्सेलमध्ये एक ओळ म्हणजे एक पंधरा मिनिटांचा तुकडा. रंग भरून माहिती लिहू नका, वेगळा रकाना करा. महिन्याच्या शेवटी तासाला किती पक्षी, त्यातले किती टक्के खात होते, समुद्राचं सरासरी तापमान, आणि लिलावातला मुख्य मासा, अशा चार रेषा एका आलेखावर काढा. ब्यूफर्ट ३ च्या वरचे तुकडे डॉल्फिनच्या हिशोबातून काढून टाका.

पहिल्या वर्षी काहीही निष्कर्ष काढू नका. एल निनो, हिंदी महासागरातलं द्विध्रुव (पूर्व आणि पश्चिम भागांच्या तापमानातला फरक), उशिरा आलेला पाऊस, कशानेही एक वर्ष वेगळं निघतं. तीन वर्षं झाली की नेहमीचं वर्ष कसं असतं ते कळायला लागतं, आणि मग वेगळं वर्ष ओळखू येतं. निरीक्षक बदलला तर त्याच्यासोबत आधी काही सकाळी एकत्र बसा, दोघांनी वेगवेगळ्या वह्यांत न बोलता लिहा आणि मग ताडून बघा, फरक किती पडतो तो आकडाही फाइलमध्ये ठेवा. आलेख तयार झाला की त्याची प्रिंट काढून बंदरावर घेऊन जा आणि तांडेलांना दाखवा, कुठल्या आठवड्यात काय झालं होतं हे त्यांना आठवत असतं, आणि तुमच्या आकड्यांतली चूक बहुतेक वेळा तिथेच पकडली जाते.